मांजराच्या गालातून डीएनए सॅम्पल कसं घ्यायचं: थुंकी नको, पेशी हव्यात

माझ्या शेवंती मांजरीचा पहिला स्वॅब, म्हणजे तोंडातून सॅम्पल घ्यायची काडी, फुकट गेला. पाठवून तीन आठवडे झाले आणि लॅबचा मेल आला की सॅम्पलमध्ये डीएनए पुरेसा नाही, परत घेऊन पाठवा. मला कळेचना, कारण माझ्या मते मी सगळं नीट केलं होतं, तिचं तोंड उघडलं, स्वॅब जिभेवरून आणि दातांवरून फिरवला, चांगला ओलाचिंब झाला तसा लगेच नळीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि त्याच दिवशी पाठवून दिला. आता कळतं की यात तीन चुका होत्या. तोंड उघडायची गरजच नव्हती, जीभ ही चुकीची जागा होती, आणि ओला स्वॅब हवाबंद करणं म्हणजे आपल्याच हाताने सॅम्पल कुजवणं. त्यानंतर घरच्या आणि ओळखीतल्या बऱ्याच मांजरांचे स्वॅब घेतले, त्यातून जे हाताला बसलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण किटच्या कागदावर चार ओळी असतात आणि त्या चार ओळींत मांजर कुठे बसवायचं, हात कुठे ठेवायचा, पिल्लू दूध पीत असेल तर काय, यातलं काहीच नसतं.

स्वॅबवर नक्की काय यायला हवं

गालाच्या आतल्या ओल्या त्वचेवर सपाट पेशींचे थर असतात, फरशा बसवल्यासारखे. वरच्या पेशी सतत सुटत असतात आणि खालून नव्या येत असतात. या सुटायला आलेल्या पेशींच्या केंद्रकात मांजराचा डीएनए असतो, तोच आपल्याला हवाय. थुंकीतही थोड्या सुट्या पेशी असतात, पण थुंकी म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात बॅक्टेरिया आणि खाण्याचे कण, आणि मांजराने नुकतंच चिकन खाल्लं असेल तर कोंबडीचाही डीएनए. म्हणजे स्वॅब ओला झाला एवढ्यावरून पेशी आल्या असं होत नाही. पेशी हलक्या हाताने घासल्याशिवाय येत नाहीत, एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी अर्धं काम होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भेसळ. लॅबमध्ये पीसीआर नावाची पद्धत वापरतात, त्यात सॅम्पल साधारण ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, मग थंड करतात, परत तापवतात, आणि दर फेरीला डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होत जातात. ३० फेऱ्या झाल्या की एकाचे हिशोबाने १०० कोटींच्या वर तुकडे होतात. त्यामुळे सॅम्पल थोडं असलं तरी काम होतं हे खरं, पण हेच मशीन दुसऱ्या मांजराच्या चुकून आलेल्या पेशींच्याही तितक्याच प्रती काढतं. मशीनला माहीत नसतं की यातलं आपलं मांजर कुठलं. म्हणून पुरेशा पेशी हव्यात आणि त्या एकाच मांजराच्या हव्यात. पुढचं सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

कशासाठी करायची ही टेस्ट

नुसती जात किती टक्के हे बघायला बरेच जण करतात, त्यात वाईट काही नाही, पण माझ्या दृष्टीने खरा उपयोग आजारांचा आहे, विशेषतः तुम्ही पिल्लं होऊ देणार असाल तर. पर्शियन मांजरांमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, पीकेडी म्हणतात त्याला. त्याचं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, २००४ मध्ये सापडलं, पीकेडी१ जनुकात. हा आजार एका पालकाकडून आला तरी होतो. मांजर वरून धडधाकट दिसतं, खातं पितं खेळतं, आणि किडनी हळूहळू निकामी होत असते, लक्षणं दिसेपर्यंत बऱ्याचदा त्याला दोन चार वेळा पिल्लं होऊनही गेलेली असतात. सोनोग्राफीत गाठी दिसतात, पण खात्रीने सांगायला मांजर साधारण १० महिन्यांचं व्हावं लागतं, डीएनए टेस्टला मात्र वयाची अट नाही.

मेन कून जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, एचसीएम, त्याचं एक म्युटेशन एमवायबीपीसी३ या जनुकात २००५ मध्ये सापडलं. रॅगडॉलमध्ये त्याच जनुकात वेगळ्या जागी आहे, ते २००७ मध्ये कळलं. ॲबिसिनियनमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन आंधळेपणा येणारा आजार आणि लाल पेशी तुटून ॲनिमिया होणारा पायरुवेट कायनेज डेफिशियन्सी, दोन्हींची टेस्ट गालाच्या स्वॅबवर होते. रक्तगटाचं जनुकही तपासता येतं आणि ते ब्रीडिंग करणाऱ्यांनी खरंच बघावं, कारण आई बी गटाची आणि पिल्लू ए गटाचं असेल तर पहिल्या दिवशीच्या चिकाच्या दुधातूनच आईच्या अँटिबॉडीज पिल्लाच्या रक्तात जाऊन त्याच्या लाल पेशी फोडतात आणि काल जन्मलेलं चांगलं पिल्लू एक दोन दिवसांत जातं. आधी माहीत असलं तर हे सरळ टाळता येतं.

एक गैरसमज इथेच दूर करते, या स्वॅबवरून मांजराला फेल्व्ह किंवा एफआयव्ही झालाय का हे कळत नाही, ती व्हायरसची इन्फेक्शन आहेत, त्याच्या टेस्ट साधारणपणे रक्तावर होतात.

आज स्वॅब घेऊ नये अशी मांजरं

हिरड्या लाल सुजलेल्या असतील, तोंडाला वास येत असेल, लाळ गळत असेल, खाताना एका बाजूने चावत असेल तर थांबा. दुखऱ्या तोंडात ब्रश घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि ते चावणारच. आधी व्हेटकडे दाखवा, आणि टेस्ट लवकर हवीच असेल तर लॅबला विचारून रक्ताचं सॅम्पल द्या, बऱ्याच लॅब जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधलं रक्त घेतात. दुधाचे दात पडत असलेलं, म्हणजे साधारण साडेतीन ते सहा महिन्यांचं पिल्लू असेल तर हिरड्या कुठे कुठे हुळहुळ्या असतात, त्याच्याशी जास्त हलक्या हाताने वागा, बंदी अशी काही नाही. नुकतंच दुसऱ्या मांजराचं रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा, कारण तोंडात पांढऱ्या पेशीही असतात आणि त्या रक्तदात्याच्या असू शकतात.

आणि जे मांजर हातच लावू देत नाही, भटकं आहे किंवा फार घाबरट आहे, त्याच्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळी ते भुलीत असताना व्हेटला स्वॅब घ्यायला सांगणं. किट सोबत द्या आणि आधी बोलून ठेवा, ऐनवेळी नको. गालातून नीट, न घाई करता सॅम्पल मिळतं आणि मांजराला कळतही नाही.

किट उघडण्याआधी

किट दोन तीन प्रकारची असतात. काहींत बारीक दातांचा छोटा ब्रश असतो, बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी चिमुकलं रूप, काहींत कापसाचा किंवा फोमचा स्वॅब. ब्रशने पेशी जास्त निघतात पण मांजराला तो टोचल्यासारखा वाटतो, फोम त्याला सोसतो पण तुम्हाला जरा जास्त वेळ फिरवावा लागतो. काही किटमध्ये नळीत द्रव असतो आणि स्वॅब त्यात बुडवून बंद करायचा असतो, काहींत कोरडा पाठवायचा असतो. या दोन्हींची पद्धत अगदी उलट आहे, त्यामुळे कागद आधी पूर्ण वाचा, मांजर मांडीवर घेतल्यावर वाचायला वेळ मिळत नाही. घरातले कान साफ करायचे बड्स वापरायचे असतील तर आधी लॅबला विचारा, काही लॅब साधा कापसाचा स्वॅब चालवतात, काही नाही.

माझं मत विचाराल तर किट आल्या दिवशी स्वॅब घेऊच नका. चार पाच दिवस मांजराला सवय लावा. ते पेंगुळलेलं असताना हनुवटी खाजवता खाजवता बोट ओठाच्या कोपऱ्यावर न्या आणि लगेच काढा, आवडता खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कोपरा थोडा वर उचला, सोडा, खाऊ. तिसऱ्या चौथ्या दिवशी साध्या कोरड्या बडने ओठाच्या आत नुसता स्पर्श, खाऊ. मांजराचं लक्षात ठेवायचं गणित साधं असतं, या हातानंतर चांगलं काही येतं की वाईट. शेवंतीला पहिल्या वेळी मी जबडा धरून तोंड उघडायला लावलं होतं, त्यानंतर पंधरा दिवस तिच्या गालाजवळ हात नेला की ती मान फिरवायची. दुसऱ्यांदा सॅम्पल देण्याआधी तो विश्वास परत मिळवण्यातच माझा जास्त वेळ गेला.

त्या दिवशी

खाणं झाल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर एक तास थांबा, किटवर जास्त लिहिलं असेल तर तेवढं. दातांना पेस्ट किंवा तोंडाचं जेल लावत असाल तर त्या दिवशी आधी लावू नका. पाणी प्यायलं तर हरकत नाही, उलट तोंडातले कण निघून जातात.

घरात एकाहून जास्त मांजरं असतील तर इथे खरं लक्ष द्या. ती एकमेकांना चाटतात, एका भांड्यात खातात, पाणी एकच पितात. म्हणून ज्याचं सॅम्पल घ्यायचं त्याला तासभर वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचं पाणी वेगळं. एका बैठकीत सगळ्यांचे स्वॅब घ्यायचा मोह होतो, मी म्हणेन एक मांजर, एक किट, सगळं बंद करून बाजूला, हात साबणाने धुवून, टॉवेल बदलून मगच दुसरं. टेबलावर एकाच वेळी दोन किट उघडी नकोतच.

नाव, मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर, तारीख, डावा उजवा, हे सगळं लेबलवर आधी लिहून ठेवा. नंतर लिहू म्हटलं की एका हातात स्वॅब, दुसऱ्या हातात मांजर आणि पेन सापडत नाही अशी गत होते, आणि दोन सारखी दिसणारी मांजरं असतील तर कुणाचा स्वॅब कुठला हे रात्री आठवत नाही. चिप असेल तर नंबर जुन्या कागदावरून न उतरवता व्हेटकडून स्कॅन करून घेतलेला बरा, ब्रीडिंगच्या कागदपत्रांसाठी हा नंबर जुळणं महत्त्वाचं असतं.

वेळ कुठली तर खेळून दमून जेव्हा ते आडवं होतं त्यानंतरची. भुकेलं असताना नको, दारावर बेल वाजत असताना नको.

धरायचं कसं

मानेची कातडी पकडून उचलायची किंवा दाबून धरायची पद्धत मोठ्या मांजराला करू नका. पिल्लाला आई तशी उचलते म्हणून ते मोठ्यालाही चालतं असं लोकांना वाटतं, पण मोठं मांजर त्यात शांत होत नाही, घाबरून गोठतं, आणि सुटलं की पहिलं चावतं.

मांजराची पाठ तुमच्याकडे हवी. मी जमिनीवर गुडघे टेकून बसते आणि मांजराला दोन गुडघ्यांच्या मध्ये, तोंड पुढे, बूड माझ्याकडे असं बसवते, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा राहत नाही आणि मला जोर लावावा लागत नाही. टेबलावर करणार असाल तर खाली टॉवेल टाका, पाय घसरले की मांजर बिथरतं. नखं काढणारं असेल तर बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं टॉवेलमध्ये गुंडाळा, चारी पाय आत, मान मोकळी, छाती आवळायची नाही. दोघं असाल तर एकाने फक्त खांद्यापाशी दोन्ही हात ठेवायचे आणि हळू बोलत राहायचं, दुसऱ्याने स्वॅब. समोरून तोंडावर वाकू नका, मांजराला ते अंगावर आल्यासारखं वाटतं.

प्रत्यक्ष स्वॅब

हात धुवा, पुसा, किटमध्ये हातमोजे असतील तर घाला. पाकीट दांड्याच्या बाजूने उघडा. टोकाला बोट लागू द्यायचं नाही, टेबलाला नाही, मांजराच्या मिशांना आणि केसांनाही नाही. समजा तुम्ही उजवखोरे आहात. डावा तळवा मांजराच्या डोक्यावर वरून ठेवा, टोपीसारखा, बोटं एका गालाच्या हाडावर आणि अंगठा दुसऱ्यावर. आता अंगठ्याने ओठाचा मागचा कोपरा थोडा वर आणि मागे सरकवा. बास, एवढंच. जबडा बंदच राहू दे. आतली गुलाबी चकचकीत त्वचा दिसेल आणि तिच्या आतल्या बाजूला वरची मोठी दाढ, सुरीच्या पात्यासारखी. त्या दाढेच्या बाहेरून, दाढ आणि गाल यांच्या मध्ये एक खिसा असतो, स्वॅब कोपऱ्यातून तिरपा त्या खिशात सरकवायचा. दातांच्या आत जायचंच नाही, त्यामुळे चावा बसायची शक्यताही कमी आणि जिभेवरची थुंकीही येत नाही.

स्वॅब आत गेला की अंगठा सोडून ओठ खाली येऊ द्या, आणि बाहेरून गालावर बोट हलकं टेकवा म्हणजे गालाची आतली बाजू स्वॅबला चिकटेल. मग दांडा दोन बोटांत गोल फिरवत फिरवत पुढे मागे करा. जोर किती, तर आपण आपल्या डोळ्याची पापणी पुसतो तेवढाच, पण नुसता टेकवलेला नको, घासला जायला हवा. साधारण १० ते १५ सेकंद, काही किटमध्ये ३० लिहिलेलं असतं, तेवढं. मनात नाही, हळू आवाजात मोजा, कारण मांजर हलायला लागलं की आपले पंधरा सेकंद पाचातच संपतात. माझ्या पहिल्या स्वॅबचं तेच झालं असणार.

मध्येच मांजर स्वॅब चावायला लागलं तर ओढाओढ नको, टोक तुटू शकतं. दांडा नुसता धरून ठेवा, ते चावायचं थांबलं की खिशात परत सरकवा. डोकं झटकलं तर काढून घ्या, पाच मिनिटं सोडा, तोच स्वॅब कुठे लागला नसेल तर त्याच स्वॅबने बाकीचे सेकंद पूर्ण करा, तुकड्या तुकड्याने झालं तरी पेशी त्याच आहेत. कान मागे गेले, शेपूट आपटायला लागलं, फिस्कारलं, की त्या दिवसापुरतं बास. उद्या परत.

दुसरा स्वॅब दुसऱ्या गालाला. दोन्ही एकाच बाजूला घेतले तर वरच्या सुट्या पेशी पहिल्यानेच नेलेल्या असतात. वरच्या ओठाच्या आत पुढे दातांवर जी हिरडी असते तिथे जास्त घासू नका, तिथे दुखतं आणि रक्त येऊ शकतं. थोडंसं रक्त लागलं तर घाबरू नका, ते त्याच मांजराचं आहे, डीएनए तोच. खाण्याचा कण चिकटलेला दिसला तर मात्र तो स्वॅब बाजूला ठेवा आणि किटमध्ये जास्तीचा असेल तर तो वापरा. झालं की लगेच खाऊ, आणि अर्धं मिनिट नुसतं कुरवाळणं.

वाळवणं

बहुतेकांचं सॅम्पल इथे फुकट जातं असं माझं ठाम मत झालंय. मांजराच्या तोंडात बॅक्टेरिया आणि डीएनए तोडणारी एन्झाइम्स असतात, ओलावा आणि ऊब मिळाली की दोन्ही कामाला लागतात. वाळलं की थांबतात. त्यामुळे कोरडा पाठवायचा स्वॅब बंद करण्याआधी हवेत पूर्ण वाळलाच पाहिजे. मी एक स्वच्छ धुतलेला, कोरडा काचेचा ग्लास घेते, त्यात दांडा खाली आणि टोक वर असा स्वॅब उभा ठेवते, टोक कशालाही टेकत नाही. एका ग्लासात एकाच मांजराचे स्वॅब. मांजरं जाणार नाहीत अशा बंद खोलीत, कमीत कमी १५ ते २० मिनिटं, दमट दिवस असतील तर त्याहून जास्त. उन्हात ठेवू नका, अल्ट्राव्हायोलेटने डीएनए खराब होतो. हेअर ड्रायर नको. फुल स्पीड पंख्याखाली पण नको, घरभर मांजराचे केस उडत असतात.

नीट वाळला की कागदी पाकिटात. कागदातून उरलेला ओलावा निघून जातो, प्लॅस्टिकच्या पिशवीत तो आतच अडकतो आणि बुरशी येते. किटमध्येच नळी दिली असेल तर ती वापरा, पण वाळल्यावर. द्रव असलेल्या नळीचं मात्र उलटं, तिथे वाळवायचं नाही, लगेच बुडवायचं, किटवर लिहिलं असेल तसं हलवायचं. साधा वाळलेला स्वॅब घरातल्या तापमानाला चांगला राहतो, फ्रिजमध्ये ठेवायची गरज नसते, उलट आत बाहेर करताना पाणी धरतं. शक्यतो एक दोन दिवसांत पाठवा आणि पाकीट गरम गाडीत तासनतास पडू देऊ नका.

दूध पिणारी पिल्लं

यावर वेगळं लिहायलाच हवं, कारण चुकीचा रिपोर्ट येण्याची सगळ्यात जास्त भीती इथेच असते. आईच्या दुधात आईच्या पेशी असतात आणि त्या पिल्लाच्या तोंडात राहतात. वर आई त्याचं तोंड सतत चाटत असते. अशा वेळी स्वॅबमध्ये पिल्लू आणि आई दोघांचा डीएनए येतो, आणि आईत असलेलं म्युटेशन पिल्लात नसलं तरी रिपोर्टमध्ये दिसू शकतं. अशा रिपोर्टवर विसंबून तुम्ही पिल्लाबद्दल निर्णय घेतला तर तो कायमचा चुकीचा.

त्यामुळे पिल्लाला आईपासून आणि भावंडांपासून किमान एक ते दोन तास वेगळं ठेवा. थंडी लागू देऊ नका, खाली ऊबदार कपडा हवा, फार लहान असेल तर हे करूच नका. स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने गालाची आतली बाजू हलकी पुसून घ्या, दहा मिनिटं थांबा आणि मग स्वॅब. खरं सांगायचं तर घाई नसेल तर दूध पूर्ण सुटेपर्यंत थांबणं सगळ्यात चांगलं. लॅबही यावर थोडं लक्ष ठेवते, उदाहरणार्थ मांजरीच्या सॅम्पलमध्ये वाय क्रोमोझोम दिसला तर कुठल्या तरी बोक्याच्या पेशी मिसळल्यात किंवा लेबलं उलटसुलट झालीत असा संशय येतो, पण आईची आणि मादी पिल्लाची भेसळ अशी सहज लक्षात येत नाही.

काही बिघडलं तर

स्वॅब जमिनीवर पडला तर तो गेला, झटकून वापरू नका. टोक तुटून तोंडात राहिलं तर दिसत असेल तरच काढा, बोट घालून घशाकडे ढकलू नका, गिळलं असं वाटलं तर व्हेटला लगेच फोन.

चावलं तर हे वाचून दुर्लक्ष करू नका. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून छोटंसं छिद्र दिसतं आणि आत खोल जंतू गेलेले असतात, पाश्चुरेला नावाचे बॅक्टेरिया बहुतेक मांजरांच्या तोंडात असतात आणि काही तासांतच हात सुजू शकतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, विशेषतः बोटावर किंवा सांध्यावर चावा असेल तर. मांजराचं रेबीजचं लसीकरण झालंय की नाही हे डॉक्टरना सांगा, पुढचं ते ठरवतील.

रिपोर्ट आल्यावर

रिपोर्टमध्ये एन म्हणजे जनुकाची नॉर्मल कॉपी, आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन कॉपी असतात. एन/एन म्हणजे दोन्ही कॉपी चांगल्या. एन सोबत दुसरं अक्षर आलं तर एक कॉपी बदललेली. याचा अर्थ प्रत्येक आजारात वेगळा असतो आणि इथेच लोक गोंधळतात. पीकेडीत एक बदललेली कॉपी म्हणजेच आजार. ॲबिसिनियनच्या पायरुवेट कायनेजमध्ये एक बदललेली कॉपी म्हणजे मांजर स्वतः ठणठणीत, नुसतं वाहक, पण दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक मांजराला टाकाऊ समजू नका, त्याची जोडी एन/एन मांजराशी लावली तर एकाही पिल्लाला तो आजार होत नाही.

एचसीएमच्या टेस्टमध्ये एन/एन आलं म्हणून हृदय आयुष्यभर ठीक राहील असं नाही, कारण टेस्ट फक्त ओळखीचं म्युटेशन बघते आणि ते नसतानाही हा आजार होतो. त्या जातींमध्ये इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहायलाच हवा.

दुसऱ्यांदा शेवंतीचा स्वॅब घेतला तेव्हा ती गुडघ्यांमध्ये बसून होती, मी पंधरापर्यंत मोजलं, एकदाच मान हलवली तिने. रिपोर्ट पीकेडीसाठी एन/एन आला. त्याची एक प्रिंट तिच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवली आहे आणि व्हेटच्या फाइलमध्येही एक. मांजराचा डीएनए वयानुसार बदलत नाही, त्यामुळे तीच टेस्ट परत करायची गरज नसते, फक्त तिच्या जातीसाठी एखादी नवीन टेस्ट निघाली तर लॅबला आधी विचारून बघा की जुन्या सॅम्पलमधला डीएनए त्यांच्याकडे शिल्लक आहे का, कधी कधी असतो, आणि मग परत गालाला हात लावावा लागत नाही.